कमरेचं सोवळं

डॅलसच्या विमानतळावर आई दारातून बाहेर आली ती व्हीलचेअरवर बसून, मांडीवर भडंगाची पिशवी आवळून. अख्ख्या प्रवासात तिनं ती पिशवी वरच्या कप्प्यात ठेवू दिली नव्हती म्हणे. मला बघताच ती उठून उभी राहिली. मी वाकून नमस्कार केला. तिनं मला जवळ ओढलं, पाठीवरून हात फिरवला आणि तो हात माझ्या उजव्या कमरेपाशी येऊन अडखळला.

"हे काय टोचतंय रं?"

"मोबाईल," मी म्हणालो.

मोबाईल माझ्या डाव्या हातात होता. आईनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणून ती पुन्हा खुर्चीत बसली. कोल्हापूरकडची बाई असं "बरं" म्हणते तेव्हा विषय संपलेला नसतो, नुसता पुढं ढकललेला असतो.

कमरेला होतं ते ग्लॉक ४३एक्स. नऊ एमएमचं, दहा गोळ्यांचं, भरलेलं असताना साधारण साडेसहाशे ग्रॅम. टेक्सासात परवानाधारकाला विमानतळाच्या बाहेरच्या भागात, म्हणजे सुरक्षा तपासणीच्या अलीकडे, ते बाळगायला बंदी नाही. त्यामुळे कायद्यानं मी निर्धास्त होतो. आईशी खोटं बोललो ते कायद्याच्या भीतीनं नव्हे. आपला पोरगा परदेशात जाऊन कमरेला घोडा लावून हिंडतो, हे पंचाहत्तरीच्या बाईला आगमनकक्षात उभ्याउभ्या कसं सांगायचं, ते मला सुचलं नाही, एवढंच.

मी इथं प्लेनोत राहतो, डॅलसच्या उत्तरेला. २००८ साली आलो. एच-१बी व्हिसावर असेपर्यंत पिस्तुलाचा विचारही केला नव्हता, आणि केला असता तरी उपयोग नव्हता. इथल्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा परवाना काढला तर सूट मिळते, असे एकदोन अपवाद आहेत तेवढेच. शनिवारी मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर जाऊन भाड्याच्या पिस्तुलाबरोबर फोटो काढणाऱ्या आपल्या कितीतरी पोरांना हे ठाऊक नसतं. तासाभरासाठी हातात घेणं म्हणजेही बाळगणंच. ग्रीन कार्डासाठी दहा-दहा वर्षं रांगेत उभी असलेली पोरं एका फोटोपायी केवढा धोका पत्करतात, हे मी आता ओळखीच्या सगळ्यांना सांगतो. ते हसून सोडून देतात.

माझं ग्रीन कार्ड २०२१ मध्ये आलं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आमच्याच प्लेनोत एका रेस्टॉरंटच्या पार्किंगमध्ये चार भारतीय बायकांना एका बाईनं शिव्या दिल्या, परत भारतात जा म्हणून सुनावलं आणि हातही उगारला. त्याची चित्रफीत तुम्हीही पाहिली असेल. ते पार्किंग आमच्या रोजच्या रस्त्यावरचं. मी ती एकदाच पाहिली, बायकोनं तीनदा. पिस्तूल घ्यायचं माझ्या डोक्यात तेव्हा आलं. त्या प्रसंगात पिस्तूल काय कामाचं होतं, हा प्रश्न बायकोनं त्याच संध्याकाळी विचारला होता. उत्तर माझ्याकडे नव्हतं. तरी दोन महिन्यांनी मी दुकानात गेलो. भीतीला तर्क लावत बसलं तर जगातली निम्मी दुकानं बंद पडतील.

दुकानात एक फॉर्म भरायचा असतो, ४४७३ क्रमांकाचा. गुन्हा केलाय का, गांजा ओढता का, वेड्यांच्या इस्पितळात होता का, असे हो-नाहीचे प्रश्न. मग दुकानदार संगणकावरून चौकशी पाठवतो आणि आपण काचेच्या कपाटातली पिस्तुलं बघत उभे राहतो. माझी चौकशी अकरा मिनिटांत आटोपली. मी मुद्दाम घड्याळ बघितलं होतं, कारण मला आप्पा आठवत होते.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत होती. हंगामात रोकड घेऊन गावोगाव फिरावं लागायचं, म्हणून त्यांनी रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज केला. कलेक्टर कचेरी, पोलीस ठाणं, चालचलणुकीचा दाखला, जबाब, पुन्हा कलेक्टर कचेरी. तीन वर्षं गेली. तोवर रोकडीची जागा बऱ्यापैकी चेकनं घेतली होती, पण परवाना आला आणि त्यामागून कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं पॉइंट बत्तीसचं सहाबारी रिव्हॉल्व्हर आलं. आपल्याकडे नऊ एमएम सामान्य माणसाला मिळत नाही, ते निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या नळीच्या मापात, येतं. म्हणून परवानाधारकाच्या कमरेला बहुधा बत्तीसचंच काहीतरी असतं.

आप्पांचं रिव्हॉल्व्हर हे खरं तर दागिना होता. चामड्याच्या होल्स्टरमध्ये, पांढऱ्या सदऱ्याच्या खाली, पण सदरा नेमका तिथंच जरा वर सरकलेला. लग्नाच्या मांडवात आप्पा बसले की शेजारचा माणूस आपोआप वीतभर सरकून बसायचा. आप्पांचं तत्त्व सरळ होतं: दिसलं पाहिजे, निघालं नाही पाहिजे. निवडणूक लागली की ते पोलीस ठाण्यात जमा करावं लागे. त्या महिन्याभरात आप्पा घराबाहेर पडताना दहादा कमरेला हात लावायचे, चष्मा विसरलेला माणूस नाकाला लावतो तसा. वर्षातून एकदा शिलाई मशीनच्या तेलानं ते पुसायचे. आम्हा पोरांना दोन हात लांब बसून बघायची परवानगी होती.

टेक्सासातला धर्म याच्या बरोबर उलटा. इथं सगळं कसब ते कुणालाही न कळण्यात आहे. सदऱ्यावर आतल्या पिस्तुलाचा उंचवटा उमटला तर इथले लोक त्याला छाप उठली म्हणतात आणि ती उठू नये म्हणून काय काय करतात, ते ऐकून आप्पांनी कपाळावर हात मारला असता. मी सुरुवातीला ग्लॉक १९ घेतलं होतं. पंधरा गोळ्यांचं, १९८८ पासून चालत आलेलं, अर्ध्या अमेरिकेचं आवडतं. गॅस्टन ग्लॉक हा ऑस्ट्रियन माणूस आधी पडद्याचे रॉड वगैरे बनवायचा, पिस्तुलाचा त्याला काही अनुभव नव्हता, ही गोष्ट दुकानदारानं मला इतक्या भक्तिभावानं सांगितली की मला गजानन महाराजांची पोथी आठवली. पिस्तूल उत्तमच होतं. पण भरलेलं असताना साडेआठशे ग्रॅमच्या घरात, आणि माझी शरीरयष्टी म्हणजे शर्ट वाळत घातल्यासारखी. पहिल्याच आठवड्यात माझा भारतातून आणलेला मऊ कातडी पट्टा मान टाकून बसला. पिस्तूल बाळगायचं तर आधी चांगला ताठ पट्टा घ्या, हे इथं सगळे सांगतात आणि कुणीही ऐकत नाही. मीही दोन पट्टे वाया घालवल्यावर ऐकलं.

मग ४३एक्स घेतलं. ते १९ पेक्षा सडपातळ, कमरेला सपाट बसतं. मला वाटलं, सुटलो. पण नळीची लांबी कधी दिसत नाही, ती पँटच्या आत जाते. दिसते ती मूठ. आणि ४३एक्सची मूठ १९ इतकीच उंच आहे. जरा वाकलं की पाठीशी शर्टाला कोपरा फुटतो. दुकानात खालच्या फळीवरून बेसनाचं पाकीट उचलायचं तर मी आता कंबरेत वाकत नाही, गुडघ्यात बसतो. बायको म्हणते, या वयात तुमचे गुडघे शाबूत राहिले तर त्या पिस्तुलाचे उपकार. दिवाळीच्या कार्यक्रमाला मात्र आपला झब्बा कामी येतो. त्याच्या आत तोफ लपेल.

तोफ लपेल, पण नेता येत नाही. आमच्याकडचे बरेच कार्यक्रम शाळेच्या सभागृहात होतात, आणि शाळेच्या इमारतीत पिस्तूल म्हणजे सरळ गुन्हा. इथून खरी गंमत सुरू होते. रोज बाळगायचं पिस्तूल घेतल्यावर मला कळलं की मी रोज जिथं जातो त्यातल्या बहुतेक जागी ते नेताच येत नाही. टपाल कचेरीत नाही. कोर्टात नाही. ज्या बारची निम्म्याहून जास्त कमाई जागेवर प्यायल्या जाणाऱ्या दारूची, तिथं लाल अक्षरात एक्कावन्न लिहिलेलं असतं, तिथं नाही. एखाद्या दुकानाच्या दारावर कलम ३०.०६ ची पाटी असेल तर तिथं नाही. ती पाटी इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत लागते आणि अक्षरं किमान एक इंच उंच लागतात. आम्ही जातो त्या देवळाच्या दारावर ती आहे. ऑफिसात कंपनीची मनाई. इथल्या कायद्यानं कंपनी पार्किंगमधल्या बंद गाडीत ठेवायला मात्र आडकाठी करू शकत नाही, म्हणून गाडीच्या सीटखाली लोखंडी डबी, तिला साखळी. सकाळी पिस्तूल डबीत, संध्याकाळी डबीतून कमरेला. दर वेळी ते हाताळणं आलं, आणि अपघात होतात ते हाताळतानाच.

लहानपणी आम्ही ज्या वाड्यात भाड्यानं राहायचो, तिथल्या मालकीणबाई सकाळी सोवळ्यात असायच्या. त्यांच्या वाटेत आलं की त्या भिंतीला चिकटायच्या. ह्याला शिवायचं नाही, तिथनं जायचं नाही, आधी हात धू, मग बोल. आम्ही पोरं मुद्दाम बॉल तिकडं टाकायचो. पिस्तूल कमरेला लावून पहिल्यांदा भारतीय किराणा दुकानात गेलो, तेव्हा गर्दीत कुणाचा धक्का उजवीकडून लागू नये म्हणून मी रॅकला चिकटून उभा राहिलो आणि मला एकदम मालकीणबाई आठवल्या. हे तर सोवळंच! दारावरच्या पाट्या वाचत जायचं. ओळखीच्यानं मिठी मारली तर डावीकडून घ्यायची. पोरीला उजव्या कडेला येऊ द्यायचं नाही. संडासला जाताना ते कुठं ठेवायचं, याचा आधी विचार करायचा. सार्वजनिक संडासात पिस्तूल विसरून आलेल्या माणसांच्या बातम्या इथं अधूनमधून येतातच. रेंजवरून आलं की शिशाचा धूर अंगावर असतो, म्हणून थंड पाण्यानं हात-तोंड धुवायचं, कपडे बदलायचे, मगच मुलीला जवळ घ्यायचं. ती नऊ वर्षांची आहे. मी रेंजवरून आलो की ती लांबूनच ओरडते, "बाबा, आंघोळ!" मालकीणबाई असत्या तर तिला त्यांनी मांडीवर घेतलं असतं.

परवान्याची गोष्ट सांगायची राहिली. २०२१ च्या सप्टेंबरपासून टेक्सासात एकवीस वर्षांवरच्या, कायद्यानं पात्र माणसाला पिस्तूल बाळगायला परवाना लागतच नाही. तरी मी काढला. एक तर शाळेच्या आसपासच्या रस्त्यांचा केंद्रीय कायदा आणि दुसऱ्या राज्यातला प्रवास परवान्यानं सोपा होतो. आणि दुसरं म्हणजे, मराठी मध्यमवर्गीय माणसाला सर्टिफिकेट नसलेली कुठलीही गोष्ट चोरीची वाटते. चार-सहा तासांचा वर्ग, बोटांचे ठसे, चाळीस डॉलर फी आणि नेमबाजीची परीक्षा: पन्नास गोळ्या, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, अडीचशेपैकी एकशे पंच्याहत्तर गुण मिळाले की पास. तीन यार्ड म्हणजे आमच्या वाड्यातल्या जिन्यापासून नळापर्यंत. तेवढ्यावरून माणसाएवढा कागद चुकवणं अवघड असतं, पण माझ्या शेजारच्यानं ते साधलं. मला २२९ मिळाले. सगळे चुकलेले बार डावीकडे खाली.

हे डावीकडे खाली प्रकरण अजून सुटलेलं नाही. शिकवणाऱ्या म्हाताऱ्यानं एक युक्ती केली. माझ्या नकळत त्यानं मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत, मधेच एक खोटी गोळी भरली. मी नेम धरला, चाप ओढला, बार झालाच नाही, आणि तरी माझं मनगट नळीसकट खाली गेलं होतं. म्हणजे आवाज व्हायच्या आधीच मी दचकत होतो. "तू लक्ष्याला घाबरत नाहीस," म्हातारा म्हणाला, "तू तुझ्या हातातल्या वस्तूला घाबरतोस. घाबरत राहा, फक्त मनगट ताठ ठेव."

त्या वर्गात मला वाटलं होतं सगळं नेमबाजीचंच असेल. निघालं उलटं. बराचसा वेळ कायदा आणि वाद कसा टाळायचा यावर. ते अभ्यासक्रमातच आहे. समोरच्याला चिथावून मग स्वसंरक्षण म्हणून गोळी झाडली, तर कायदा सहसा तुमच्या बाजूनं उभा राहत नाही, हे म्हाताऱ्यानं चारदा सांगितलं. त्याचा अर्थ मला वर्षभरानं कळला. भारतीय दुकानाच्या पार्किंगमध्ये मी गाडी मागं घेत होतो. एकानं मागून भरधाव येऊन जोरात ब्रेक मारला, खाली उतरला आणि माझ्या काचेवर थापा मारायला लागला. चूक त्याची होती. दहा वर्षांपूर्वीचा मी खाली उतरलो असतो. आमच्या घराण्यात पार्किंगची भांडणं अर्धवट सोडण्याची पद्धत नाही. पण कमरेला ते होतं. काच दोन बोटं खाली करून मी म्हणालो, "सॉरी, माझीच चूक." तो अजून शिव्या देत होता. मी पुन्हा सॉरी म्हणालो. घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते. हे जवळ असलं की भांडायचा हक्कच संपतो. खरं सांगायचं तर मी ते धीट वाटावं म्हणून घेतलं होतं, आणि त्यानं मला माफी मागायला शिकवलं. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग ते घरातही लावत जा."

नळीत गोळी ठेवायची की नाही, यावर इथं लोक दत्तक-विधानासारखे वाद घालतात. ग्लॉकला बाहेरून दाबायचा खटका नसतो. आपोआप चालणाऱ्या तीन सुरक्षायंत्रणा असतात, आणि चाप ओढला की सुटतं. मी पहिले तीन महिने नळी रिकामी ठेवली. मग भरली. त्या दिवशी ऑफिसपर्यंत मी असा गाडी चालवत गेलो, जणू मांडीवर तापलेलं दूध आहे. आता चापावर होल्स्टरचं कडक प्लास्टिक झाकण असतं आणि ते होल्स्टर कमरेवरून काढताना पिस्तुलासकटच काढायचं, ही सवय लागली आहे. पिस्तूल होल्स्टरमध्ये परत घालताना मात्र अजूनही श्वास रोखला जातो. जाऊ द्यावा. ती भीती गेली की मी ते विकून टाकणार आहे.

६ मे २०२३ चा शनिवार. आमच्या घरापासून वीसेक मिनिटांवर ॲलन गावात मोठा आउटलेट मॉल आहे. तिथं एका माणसानं रायफलनं आठ जणांचा जीव घेतला. त्यात एक भारतीय अभियंता मुलगीही होती, हैदराबादकडची. आम्ही त्या मॉलमध्ये महिन्यातून एकदा तरी जातो. त्या रात्री मराठी मंडळींच्या फोनांना खंड नव्हता. कुणी म्हणालं, तू असतास तर? माझ्याकडे पिस्तूल आहे हे एव्हाना चारसहा जणांना कळलं होतं. मी असतो तर. काय केलं असतं? दुसऱ्याच कामासाठी तिथं आलेल्या एका पोलिसानं त्या माणसाला टिपलं. त्याच्या अंगावरच्या कॅमेऱ्याची चित्रफीत नंतर जाहीर झाली. गाडीतून रायफल काढून, लोकांना पळा म्हणून ओरडत, धापा टाकत तो आवाजाच्या दिशेनं धावतो. मी ती पाहिली आणि माझं पन्नास गोळ्यांचं सर्टिफिकेट डोळ्यांसमोर आलं. डावीकडे खाली. मागं पळणारी माणसं, मधे पोरं. मी असतो तर पोरीला उचलून पळालो असतो, आणि पळताना ते कमरेला टोचलं असतं. हे मी त्या फोनवर बोललो नाही. त्यानंतरच्या महिन्यात ओळखीतल्या तिघांनी पिस्तुलं घेतली, मला विचारून. मी त्यांना पट्ट्याबद्दल सांगितलं.

मराठी पोराच्या डोक्यात पिस्तूल शिरतं ते शाळेच्या इतिहासातून. लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून आलेली वीस ब्राउनिंग पिस्तुलं, १९०९ सालचं नाशिकचं विजयानंद नाट्यगृह, कान्हेरे, जॅक्सन. खिशात मावणारं यंत्र आणि इतिहास बदलून टाकणारा एक क्षण, असं ते चित्र असतं. मोठेपणी ते खिशात आलं की कळतं, तो क्षण येतच नाही. येतात ते सगळे दुसरेच क्षण. मुलीच्या मैत्रिणीच्या आईनं खेळायला पाठवण्याआधी मेसेज करून विचारलं, "तुमच्या घरी बंदूक आहे का? कुलपात असते का?" इथं हा प्रश्न विचारतात, आणि विचारणं योग्यच आहे. मी खरं उत्तर दिलं: आहे, तिजोरीत, तिजोरी भिंतीला बोल्टनं पक्की. ती मैत्रीण आली नाही. मुलीनं कारण विचारलं तेव्हा मी सर्दी झाली असेल म्हणालो. या वस्तूपायी मी खोटं किती बोललो, याची यादी लांबतच चालली आहे.

आणि शिकागोचं विमान पकडायचं होतं ती सकाळ. कंबर दुखत होती म्हणून त्या आठवड्यात मी ते लॅपटॉपच्या पिशवीच्या पुढच्या कप्प्यात ठेवत होतो. कमरेला नसलं की ते विसरलं जातं. विमानतळाच्या पार्किंगमध्ये गाडी लावून पिशवी खांद्यावर टाकली आणि वजन जरा जास्त वाटलं. जागच्या जागी घाम फुटला. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांवर तपासणीत ६,७३७ बंदुका पकडल्या गेल्या, त्यातल्या ३७८ एकट्या आमच्या डॅलसच्या विमानतळावर. बहुतेक सगळे "विसरलो" म्हणतात. पूर्वी मला ते थापा मारतात असं वाटायचं.

पुढची गोष्ट लिहावी की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. २०२४ च्या जानेवारीत एका मंगळवारी सकाळी सव्वाआठला माझी नोकरी गेली. चौदा वर्षं, आणि एक ईमेल. नावं कशाला घ्या. पहिला आठवडा मी उत्साहात होतो, कपाटं आवरली. दुसऱ्या आठवड्यापासून झोप उडाली. रात्री तीनला उठून अंधारात सोफ्यावर बसायचो. एका सकाळी चहा देताना बायको म्हणाली, "तिजोरीचा कोड मी बदललाय." बस एवढंच. पुस्तिका वाचून, माझ्या नकळत, तिनं तो बदलला होता. मी चिडलो. मला काय झालंय, असं काय समजतेस तू मला, वगैरे. ती भांडली नाही. कप उचलून आत गेली.

मला तसलं काही वाटत नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगतो. पण वर्गात म्हाताऱ्यानं एक आकडा फळ्यावर लिहिला होता, तो मी वहीत उतरवून घेतला होता आणि विसरलो होतो. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं मेली. त्यातल्या २६,३२८ जणांनी स्वतःचा जीव घेतला. निम्म्याहून जास्त. चोर नाही, दरोडेखोर नाही, पार्किंगमधली बाई नाही. तो आकडा लिहून म्हातारा जरा वेळ फळ्याकडे तोंड करूनच उभा राहिला होता. तेव्हा मला वाटलं, त्याला पुढचं आठवत नसेल.

सतरा आठवडे ती तिजोरी माझ्यासाठी बंद होती. पहिल्या दोन-तीन आठवड्यांनंतर, कबूल करायला हरकत नाही, मला हलकं वाटायला लागलं. मे महिन्यात नवी नोकरी लागली, त्या रात्री तिनं आपणहून कोड सांगितला. आमच्या लग्नाची तारीख. मी तो सतरा आठवड्यांत एकदाही लावून पाहिला नव्हता. तिला त्याचं बरं वाटलं असावं. तारीखच आठवली नसेल, असं ती चारचौघांत सांगते ती गोष्ट वेगळी.

आप्पा २०१६ साली गेले. तेराव्यानंतर चुलतभाऊ रिव्हॉल्व्हर घेऊन ठाण्यात गेला. परवानाधारक वारला की शस्त्र जमा करावं लागतं, वारसाला हवं असेल तर नव्यानं अर्ज करायचा. त्यानं केला नाही. त्याच्या बायकोनं सांगितलं, घरात नको. त्यानं मला पावतीचा फोटो पाठवला होता: रिव्हॉल्व्हर एक, काडतुसं सहा. आप्पांनी पहिल्या वर्षी आणली होती तीच ती सहा. इतक्या वर्षांत एकही कमी झालं नव्हतं. लग्नाच्या मांडवातली ती वीतभर जागा सोडली, तर त्या रिव्हॉल्व्हरनं कधी काही केलंच नाही.

आई आली ती सप्टेंबरात, नवरात्राच्या तोंडावर. महिनाभरात खंडेनवमी. सकाळी तिनं हॉलमध्ये पाट मांडला, त्यावर लाल कापड. भारतीय दुकानातून आणलेली विळी, माझा ड्रिल, बायकोचा लॅपटॉप, मुलीची कंपासपेटी, गाडीची किल्ली. झेंडूची फुलं चार डॉलरला एक जुडी, त्यावरून अर्धा तास गेला. मग निरांजन पेटवता पेटवता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "त्येबी आण."

"काय?"

"मोबाईल."

बायको स्वयंपाकघरात हसली ते मला ऐकू आलं.

मी ते आणलं. तिच्यासमोरच मॅगझिन काढलं, स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागं ओढून नळीतली गोळी काढली, आत बोट घालून बघितलं, पुन्हा बघितलं. आई लक्ष देऊन बघत होती. ती आप्पांच्या घरात सून म्हणून वावरली होती, दर खंडेनवमीला तिनं त्यांचं रिव्हॉल्व्हर पाटावर पाहिलं होतं.

"ह्येच्या गोळ्या कुठं हायत?"

"वेगळ्या ठेवल्यात. आतल्या खोलीत."

"आप्पा वाटीत घालून देवापाशी ठेवायचे. सहा हायत का बघ, म्हणून मला मोजाय लावायचे." ती थांबली. "आप्पा मिरवायचे तरी. तू लपवतोस कशाला, मिरवायचं न्हाई तर?"

मी टेक्सासचा कायदा, छाप उठणं वगैरे सांगायला सुरुवात केली. तिनं ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली आणि हळदीकुंकवाची कुयरी पुढं ओढली. विळीला बोट लागलं, ड्रिलला लागलं, लॅपटॉपला लागलं. पिस्तुलाला कुठं लावावं, याचा तिनं जरा विचार केला. नळीकडची बाजू तिनं आधीच भिंतीकडे वळवली होती. मग स्लाइडच्या पुढच्या टोकाला, जिथं नेम धरायचा पांढरा ठिपका असतो, नेमकं तिथं तिनं ओलं कुंकू टेकवलं.

दसऱ्यानंतर मी ते साफ करायला घेतलं. हळद खाचांत गेली होती, ती कापसाच्या काडीनं निघाली. पाकळीचा एक तुकडा मॅगझिनच्या तोंडाशी सापडला. ठिपक्याचं कुंकू मात्र निघेना. तेलानं नाही, टूथब्रशनं नाही. ठिपका गुलाबी झाला तो झालाच.

आई जानेवारीत परत गेली. पुढच्या शनिवारी रेंजवर गेलो. सात यार्डांवर कागद लावला, गुलाबी ठिपका मधोमध आणला, श्वास सोडला, चाप ओढला. दहाच्या दहा डावीकडे, खाली.